घरपट्टी, घर आणि मत : टॉवर हॅम्लेट्सच्या निवडणुका

डॉकलँडकर (धागाकर्ता)

मागे एका धाग्यावर मी सहज लिहून गेलो की आमच्या बरोत (म्हणजे लंडनच्या एका पालिका-विभागात) एकदा सत्ताधारी नगरसेवकच्या नगरसेवक तुरुंगात जाऊन बसले होते. त्यावर दोघातिघांनी 'थापा मारू नका' म्हणून घेतलं. थापा नाहीत. बैजवार लिहितो.

आधी जागा सांगतो. लंडनच्या पूर्वेला, थेम्सच्या उत्तर काठावर टॉवर हॅम्लेट्स. ब्रिक लेन, व्हाइटचॅपल, बेथनल ग्रीन, पॉप्लर आणि कॅनरी वॉर्फचे काचेचे मनोरे, सगळं ह्यात आलं. बँकांत आणि आयटीत असलेली बरीच मराठी मंडळी आइल ऑफ डॉग्जला भाड्याने राहतात, मी त्यातलाच. लंडनला मुंबईसारखी एकच महापालिका नाही. ३२ बरो आहेत आणि प्रत्येकाची कौन्सिल वेगळी. कचरा, ग्रंथालयं, बांधकामाच्या परवानग्या आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कौन्सिलची भाड्याची घरं, हे सगळं तिच्या हातात.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो : इथली प्रत्येक गाजलेली निवडणूक खरवडली की खाली घर निघतं. कधी घराची पट्टी, कधी घराचं भाडं, कधी घर कोणाला मिळणार हा प्रश्न. पक्ष, धर्म, रंग हे त्यावरचे थर.

१९०० साली इथे स्टेपनी, पॉप्लर आणि बेथनल ग्रीन असे तीन वेगळे बरो स्थापन झाले. दर तीन वर्षांनी निवडणूक. मत मुख्यतः घरपट्टी भरणाऱ्याला. ज्याने गरिबांसाठीची सरकारी मदत घेतली त्याचं मत बाद! गोदीत रोज सकाळी फाटकाशी उभं राहून काम मिळालं तर मिळालं, अशा वस्तीत हा नियम म्हणजे अर्ध्या मोहल्ल्याला गप्प बसवणं. १९१५ ची निवडणूक युद्धामुळे झाली नाही. १९१८ च्या कायद्याने मदत घेणाऱ्यांवरची बंदी उठली, मतदार पुष्कळ वाढले, बायकांची संख्याही वाढली. आणि १९१९ मध्ये पॉप्लरमध्ये मजूर पक्षाने ४२ पैकी ३९ जागा नेल्या. जॉर्ज लॅन्सबरी महापौर झाले. निवडून आलेले बहुतेक रेल्वे कामगार, गोदी कामगार, मजूर अशी माणसं. शेजारच्या स्टेपनीत त्याच वर्षी क्लेमंट ॲटली महापौर झाले. हो, तेच ॲटली, १९४७ चे पंतप्रधान.

पॉप्लरवाल्यांनी आल्या आल्या कामाला सुरुवात केली. कौन्सिलच्या नोकरांना आठवड्याला किमान चार पौंड पगार, बाई असो की पुरुष. १९२० साली! पण पैसा कुठून आणणार? बरोचं उत्पन्न घरपट्टीचं, आणि तिथेच खरी मेख होती. पौंडामागे एक पेनी पट्टी लावली की श्रीमंत वेस्टमिन्स्टरमध्ये ३१ हजार पौंडांच्या वर जमायचे, पॉप्लरमध्ये साडेतीन हजारांच्या आसपास. बेकारांना मदत मात्र ज्याने त्याने आपल्याच पट्टीतून द्यायची. म्हणजे जिथे बेकार जास्त तिथे पट्टी जास्त, आणि ती भरणारेही गरीबच. वर लंडन कौंटी कौन्सिल (तेव्हाची सगळ्या लंडनसाठीची वरची कौन्सिल), पोलिस, पाणीपुरवठा, इस्पितळांचं मंडळ ह्यांचा वाटाही पॉप्लरनेच गोळा करून द्यायचा.

१९२१ मध्ये त्यांनी ठरवलं की हा वाटा गोळाच करायचा नाही. कौंटी कौन्सिल कोर्टात गेली. २९ जुलैला नगरसेवक पॉप्लरहून हायकोर्टापर्यंत चालत गेले, मागे हजारो लोक आणि पुढे फलक : पॉप्लरची कौन्सिल हायकोर्टाकडे निघाली आहे, आणि कदाचित तुरुंगाकडे. कोर्टाने आदेश दिला, ह्यांनी मानला नाही. सप्टेंबरच्या सुरुवातीला ३० जण आत गेले. २५ पुरुष ब्रिक्स्टनला, ५ बायका हॉलोवेला. त्या पाचांतल्या नेली क्रेसॉल गरोदर होत्या. दिवस भरत आलेले. सरकारची पंचाईत अशी की जनतेने निवडून दिलेली गरोदर बाई तुरुंगात बाळंत झाली तर तोंड कुठे लपवायचं. त्यांना लवकर सोडलं. (पुढे १९४३ मध्ये ह्याच नेलीबाई पॉप्लरच्या महापौर झाल्या.)

कौन्सिलच्या सभा ब्रिक्स्टनच्या तुरुंगात भरू लागल्या. बायकांना हॉलोवेहून तिथे आणायचे. बाहेर स्टेपनी आणि बेथनल ग्रीननेही पॉप्लरच्या वाटेने जायचं ठरवलं, तेव्हा मात्र सरकारचं धाबं दणाणलं. १२ ऑक्टोबरला सगळे सुटले आणि घाईघाईने कायदा आला : बेकारांच्या मदतीचा मोठा भार सगळ्या लंडनने मिळून उचलायचा. मागणी मान्य. मजूर पक्षातलेच हर्बर्ट मॉरिसन (तेव्हा शेजारच्या हॅकनीत) ह्या सगळ्यावर नाराज होते. त्यांचं म्हणणं, अशाने आपला पक्ष बेजबाबदार दिसेल. १९२२ च्या निवडणुकीत पॉप्लरच्या मतदारांनी ह्याच मंडळींना परत निवडून दिलं.

ह्या गोष्टीतला एक माणूस परत आला नाही. मिनी लॅन्सबरी, जॉर्ज ह्यांची सून, शिक्षिका. तुरुंगातून सुटल्यावर काही महिन्यांत, १ जानेवारी १९२२ ला न्यूमोनियाने गेली. वय ३२. बो रोडवर तिच्या नावाचं घड्याळ आहे. तिथून जाणाऱ्या बसमध्ये बसलेल्यांपैकी किती जणांना ते ठाऊक असेल कोण जाणे.

चार पौंड पगाराचं प्रकरण मात्र हरले. लेखापरीक्षकाने तो खर्च बेकायदा ठरवून नगरसेवकांवरच वसुली लावली आणि १९२५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने त्याच्या बाजूने निकाल दिला. बायकांना पुरुषांइतका पगार देणं हे लॉर्ड महाशयांना चक्रमपणाचं वाटलं. कायद्याचे विद्यार्थी हा खटला अजून वाचतात.

तिसाव्या दशकात गोष्ट स्टेपनीकडे सरकते. ज्यू वस्ती, शिंप्यांची दुकानं, कळकट चाळी. ४ ऑक्टोबर १९३६ ला ब्रिटिश फॅसिस्टांचा नेता मोस्ले ह्याच्या काळे सदरे घालणाऱ्या माणसांना केबल स्ट्रीटवर लोकांनी अडवलं हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पुढचं कमी माहीत असतं. १९३७ च्या मार्चमध्ये मोस्लेचे उमेदवार कौंटीच्या निवडणुकीला उभे राहिले, एकही आला नाही, पण बेथनल ग्रीनच्या एका मतदारसंघात त्यांना वीस टक्क्यांच्या वर मतं पडली. त्याच वर्षी स्टेपनीच्या कौन्सिलमध्ये फिल पिराटिन हा पहिला कम्युनिस्ट निवडून आला. त्याचं गमक साधं होतं : ज्या चाळीत मोस्लेचे लोक राहतात तिथेही जायचं आणि घरमालकाविरुद्ध सगळ्यांचं भाडं एकत्र अडवायचं. १९३८-३९ मध्ये स्टेपनीत मोठे भाडेबंद झाले, आणि भाडं कमी करून घेतलं गेलं. १९४५ ला पिराटिन खासदार झाला आणि स्टेपनीत दहा कम्युनिस्ट नगरसेवक आले.

१९६५ मध्ये तिन्ही बरो एक करून टॉवर हॅम्लेट्स झाला. पहिली निवडणूक आदल्या वर्षीच झाली होती. पुढची दोन दशकं मजूर पक्षाचीच. १९६८ ला अख्ख्या लंडनमध्ये त्यांचा धुव्वा उडाला तेव्हाही हा बरो हलला नाही. त्यावर फार लिहिण्यासारखं नाही. विरोधकच नसले की सभा कंटाळवाण्या होतात.

पण मतपेटीबाहेर बरंच घडत होतं. सिल्हेटहून आलेली बंगाली कुटुंबं ब्रिक लेनच्या आसपास स्थिरावत होती आणि सरकारी घरांच्या यादीत कायम तळाशी राहत होती. ४ मे १९७८. स्थानिक निवडणुकीचा दिवस. नॅशनल फ्रंट ह्या स्थलांतरितविरोधी, अतिउजव्या पक्षाने इथे मोठ्या संख्येने उमेदवार उभे केले होते. त्या संध्याकाळी कामावरून घरी जाणाऱ्या अल्ताब अली ह्या तरुण कापड-कामगाराचा व्हाइटचॅपलच्या बागेपाशी खून झाला. दहा दिवसांनी हजारो बंगाली लोक त्याच्या शवपेटीमागून ब्रिक लेनपासून हाइड पार्कपर्यंत आणि तिथून डाउनिंग स्ट्रीटपर्यंत चालत गेले. त्यानंतरच्या निवडणुकीत, १९८२ ला, बरोत पहिले बंगाली नगरसेवक आले. ती बाग आता अल्ताब अली पार्क.

१९८६ मध्ये लिबरलांनी २६ विरुद्ध २४ अशी सत्ता घेतली आणि बरोचे सात तुकडे केले. प्रत्येक तुकड्याचं आपलं छोटं टाउन हॉल, आपला अर्थसंकल्प, आपली घरांची यादी. कागदावर विकेंद्रीकरण, ऐकायला छान. व्यवहारात 'इथल्याच लोकांच्या मुलामुलींना आधी घर' अशी योजना आली. इथलेच म्हणजे कोण, हे सांगायला नको. बंगाली कुटुंबांना तर 'तुम्ही बांगलादेशातलं घर सोडून आलात म्हणजे मुद्दाम बेघर झालात' असंही सांगितलं गेलं. त्या काळातल्या काही प्रचारपत्रकांचा सूर असा होता की पुढे लिबरल डेमोक्रॅट पक्षालाच त्याची चौकशी नेमावी लागली.

त्या नांगरलेल्या जमिनीत १६ सप्टेंबर १९९३ ला पीक आलं. माझ्याच आइल ऑफ डॉग्ज बेटावरच्या मिलवॉल वॉर्डात पोटनिवडणूक झाली. उघड वंशवादी ब्रिटिश नॅशनल पार्टीचा डेरेक बीकन १४८० मतं, मजूर पक्ष १४७३. सात मतांनी त्या पक्षाला देशातला पहिला नगरसेवक मिळाला. आठ महिन्यांनी, मे १९९४ मध्ये, लोकांनी घरोघर जाऊन मतदार बाहेर काढले. बीकनची मतं वाढून दोन हजारांवर गेली, तरी तो पडला, कारण बाकीचे त्याहून जास्त बाहेर पडले. लिबरलही गेले.

पुढे थेट निवडून येणाऱ्या मेयरचं प्रकरण आहे, ते मोठं आहे. आत्ता थांबतो, उद्या सकाळी लवकर मीटिंग आहे.

---

अर्धविराम

वाचतोय. वाचनखूण साठवली. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

---

शिवडीकर

जबरी. एक शंका. तिकडे एका वॉर्डात तीन नगरसेवक असतात असं ऐकलंय, म्हणजे आपल्या पुण्या-ठाण्यातल्या प्रभागासारखंच का?

---

डॉकलँडकर

दिसायला तसंच, आतून वेगळं. आपल्याकडे चार सदस्यांच्या प्रभागात अ, ब, क, ड अशा चार वेगळ्या जागा, प्रत्येक जागेला वेगळी लढत, आणि त्यात आरक्षण. इथे वॉर्डात तीन जागा असतील तर सगळे उमेदवार एकाच मतपत्रिकेवर, तुम्हाला तीन फुल्या, आणि वरचे तीन निवडून आले. आरक्षण नाही. त्यामुळे एकाच पक्षाच्या तीन उमेदवारांना वेगवेगळी मतं पडतात आणि कधीकधी एक एका पक्षाचा, दोन दुसऱ्याचे असा काला होतो. २०१४ पासून इथे २० वॉर्ड, ४५ नगरसेवक. कॅनरी वॉर्फ वॉर्ड दोनाचा, शेजारचा ब्लॅकवॉल तीनाचा. जुना मिलवॉल वॉर्ड त्याच फेररचनेत नकाशावरून गेला.

---

स्मिता_ठाणे

माझी बहीण मागच्या वर्षी स्ट्रॅटफर्डला गेली. भारतीय पासपोर्ट आहे. तिला ह्यात काही करता येतं का, की फक्त बघायचं?

---

डॉकलँडकर

स्मिताताई, करता येतं आणि करावं! राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना इथे राहायचा वैध परवाना असेल तर मत देता येतं. फक्त स्थानिकच नाही, संसदेच्या निवडणुकीतही. ब्रिटिश नागरिक व्हायची गरज नाही. ऑनलाइन नाव नोंदवायला दहा मिनिटं लागतात. २०२३ पासून केंद्रावर फोटो असलेलं ओळखपत्र लागतं, त्यात भारतीय पासपोर्ट चालतो. नगरसेवकपदाला उभं राहायचं असेल तर मात्र कायमस्वरूपी वास्तव्याचा परवाना हवा. स्ट्रॅटफर्ड आमच्यात नाही, शेजारच्या न्यूहॅम बरोत येतं, पण नियम तोच.

आमच्या इमारतीत निम्मे लोक आपले. त्यातले बहुतेक जण लिफ्टमध्ये सर्व्हिस चार्जवरून तावातावाने बोलतात आणि मतदारयादीत नाव नाही.

---

पोस्टकार्ड

राष्ट्रकुलावरून आठवलं. व्ही. के. कृष्ण मेनन लंडनच्या सेंट पँक्रस बरोत १९३४ पासून १९४७ पर्यंत नगरसेवक होते. भारताचे लंडनमधले पहिले उच्चायुक्त व्हायच्या आधी माणूस बरोच्या ग्रंथालयांचं काम बघत होता. आणि बॅटर्सीचे खासदार शापुरजी सकलातवाला आपल्या मुंबईचेच. सात मतांच्या गोष्टीत दादाभाईंना विसरू नका, ते १८९२ ला फिन्सबरीतून अवघ्या पाच मतांनी आले होते.

---

खडूस_काका

लेख चांगला, पण सोयीस्कर. १९२१ ला कोर्टाचा आदेश धाब्यावर बसवला तर तुम्ही म्हणणार बंड, घड्याळ, भित्तिचित्र. त्याच बरोतली २०१४ ची निवडणूक कोर्टाने रद्द केली तेव्हा मात्र सगळे म्हणाले भ्रष्टाचार. 'उद्या लिहितो' म्हणून पळ काढलात. आता लिहाच.

---

डॉकलँडकर

काका, पळालो नाही. घ्या.

२०१० च्या मे महिन्यात सार्वमत होऊन लोकांनी थेट निवडून येणारा मेयर मागितला. (हा मेयर शोभेचा नाही, सगळे कार्यकारी अधिकार त्याच्याकडे.) त्याआधी लुत्फुर रहमान मजूर पक्षाचे कौन्सिल-नेते होते. पक्षाने त्यांना उमेदवारी दिली आणि वरून काढून घेतली. ते अपक्ष उभे राहिले आणि ऑक्टोबर २०१० मध्ये पहिल्याच फेरीत निम्म्याहून जास्त मतं घेऊन निवडून आले. पक्षाने कापलेला उमेदवार अपक्ष उभा राहून पक्षालाच पाडतो, हे आपल्या लोकांना समजावून सांगायला नको.

२०१४ ला परत रहमान, ३७,३९५ विरुद्ध जॉन बिग्ज ३४,१४३, दुसरी पसंती धरून. मोजणी रेंगाळत राहिली, बाहेर गर्दी, आत वाद. मग चार साध्या मतदारांनी स्वतःच्या जोखमीवर निवडणूक याचिका दाखल केली. हरले असते तर खर्चाने धुपले असते. २३ एप्रिल २०१५ ला निवडणूक न्यायालयाचे आयुक्त रिचर्ड मॉरी यांनी निकाल दिला : निवडणूक रद्द, रहमान यांना पाच वर्षं उभं राहायला बंदी. तोतया मतदान, खोटी नोंदणी, अनुदानांच्या वाटपातून मतांची लाच, प्रतिस्पर्ध्याला वंशवादी म्हणून केलेला खोटा प्रचार हे सगळं निकालात सिद्ध धरलं गेलं. रहमान यांनी आरोप कायम नाकारले. पोलिस तपासही झाला, पण २०१८ मध्ये पुरेसा पुरावा नाही म्हणून तो खटल्याविना संपला. दोन्ही गोष्टी सांगायला हव्यात.

२०१५ च्या फेरनिवडणुकीत आणि २०१८ ला बिग्ज. बंदी संपल्यावर २०२२ ला रहमान स्वतःचा ॲस्पायर पक्ष घेऊन आले आणि जिंकले. मेयर तर झालेच, ४५ पैकी २४ जागाही घेतल्या.

आता तुमचा प्रश्न. पॉप्लरवाल्यांनी नियम मोडला तो उघड, आधी सांगून, आणि शिक्षा भोगायला रांगेत चालत गेले. त्यांनी मतदान कसं झालं ह्याला हात लावला नाही. मला हे दोन एका पारड्यात ठेवता येत नाहीत. पण रहमान परत का जिंकले ह्याचं उत्तर 'लोक अडाणी' हे नाही. २०२२ चा प्रचार मी दारात उभा राहून ऐकला आहे : घरं, गाड्यांसाठी बंद केलेले रस्ते, आणि महागाई. इथल्या शिंप्याच्या नातवाला तीन बेडरूमचं घर हवंय आणि यादीत हजारो कुटुंबं आहेत.

---

माजी_वकील

त्या निकालात एक अजब कलम आहे, ते धागाकर्त्यांनी गाळलं : 'अनुचित आध्यात्मिक दबाव'. निवडणुकीच्या तोंडावर एका बंगाली साप्ताहिकात १०१ इमाम आणि धर्मपंडितांच्या सह्यांचं पत्र आलं, रहमान यांना मत देणं हे कर्तव्य असा त्याचा सूर. कोर्टाने ते ह्या कलमात बसवलं. कायद्याचा उगम एकोणिसाव्या शतकातला, आयर्लंडच्या कॅथलिक पाद्र्यांनी मतदारांना घातलेल्या धाकाच्या प्रकरणांतला.

आपल्याकडे १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातलं कलम १२३ ह्याच घराण्यातलं आहे. 'ईश्वरी कोप' होईल अशी भीती घालणं हा त्यात गैरप्रकार. शेजारचं धर्माच्या नावावर मत मागण्याचं उपकलम तर मुंबईकरांना पाठ असायला हवं. १९८७ ची विलेपार्ल्याची पोटनिवडणूक आठवा. रमेश प्रभूंची निवड रद्द झाली, १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं, आणि बाळासाहेब ठाकरे यांचा मताधिकार सहा वर्षांसाठी गेला.

---

खडूस_काका

उत्तर मिळालं. पटलं असं नाही, पण मिळालं.

---

रेवा_बेथनलग्रीन

मी ह्याच बरोत बरीच वर्षं आहे, शाळेत शिकवते. डॉकलँडकर, तुमचा 'सगळ्याखाली घर' हा सिद्धांत जरा जास्तच गुळगुळीत आहे. २००६ ला रिस्पेक्ट पक्षाने इथे १२ जागा घेतल्या. ते घरामुळे? ते इराक युद्धामुळे. त्याच्या आदल्या वर्षी जॉर्ज गॅलोवे बेथनल ग्रीनमधून खासदार झाला तोही त्याच लाटेवर. माझ्या वर्गातल्या मुलांचे वडील मशिदीबाहेर बगदादबद्दल बोलत होते, भाड्याबद्दल नाही. बाहेरच्या जगात काही घडलं की ते आमच्या कौन्सिलच्या मतपेटीत पडतं. १९३६ ला स्पेनचं यादवी युद्ध होतं, तेव्हाही.

आणि दुसरं, तुमच्या लेखात बंगाली समाज एक गठ्ठा असल्यासारखा येतो. २०१० ला रहमान यांच्याविरुद्ध मजूर पक्षाचा उमेदवार कोण होता? हेलाल अब्बास. तेही बंगालीच. वाद समाजासमाजात जितका, तितकाच समाजाच्या आत.

---

डॉकलँडकर

रेवाताई, इराकचा मुद्दा मान्य. २००६ माझ्या साच्यात बसत नाही, आणि बसवायला जाणार नाही. पण त्या लाटेचं आयुष्य बघा, दोन निवडणुकांत ओसरली. घराचा मुद्दा शंभर वर्षं टिकला.

---

लालबाग_परळ

ह्या सगळ्यात कॅनरी वॉर्फ कुठून आलं? गोद्या बंद झाल्यावर ती जमीन कौन्सिलची नव्हती का? गिरण्यांच्या जमिनींचं आमच्याकडे जे झालं ते बघितल्यावर हा प्रश्न पडतोच.

---

डॉकलँडकर

काळजाला हात घातलात. १९८१ मध्ये थॅचर सरकारने गोद्यांच्या पट्ट्यासाठी लंडन डॉकलँड्स डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन नेमलं. सरकारनियुक्त, कोणी निवडून न दिलेलं. त्या पट्ट्यातले बांधकाम परवानगीचे अधिकार कौन्सिलकडून त्याच्याकडे गेले, ते १९९८ मध्ये महामंडळ गुंडाळेपर्यंत. आपल्याकडच्या विशेष नियोजन प्राधिकरणासारखंच. म्हणजे १९९३ मध्ये मिलवॉलचा मतदार रोज डोक्यावर मनोरे वाढताना बघत होता, आणि ज्या कौन्सिलला तो मत देणार होता तिचा त्या मनोऱ्यांवर अधिकार नव्हता. तिच्या हातात उरलेली घरांची यादी, आणि भांडण त्या यादीवर. त्या वेळी बरोतल्या घरांपैकी फार मोठा भाग सरकारी भाड्याचा होता हे लक्षात घ्या, म्हणजे यादीत वर-खाली होणं म्हणजे काय ते कळेल. बीकनला मत देणारे सगळे वंशवादी होते का ह्यावर मी वाद घालणार नाही, पण पोळी कोणी भाजून घेतली ते दिसतंच आहे.

---

चिंगी२२

प्रतिसाद काढून टाकला आहे.

---

लालबाग_परळ

म्हणजे तिथेही जमीन गेली ती गेलीच, आणि मग गरीब गरिबाशी भांडला. धन्यवाद, समजलं.

---

रेवा_बेथनलग्रीन

थोडं मतदान केंद्राबद्दल, कारण इथे ते नेहमी चर्चेत असतं. २०१४ च्या सुमारास केंद्रांवर पोलिस दिसायला लागले, आमच्या शाळेतल्या केंद्रावरसुद्धा. एकाच आडोशात नवरा-बायको दोघं शिरतात आणि एक दुसऱ्याला फुली कुठे मारायची ते दाखवतो, ह्याबद्दल बऱ्याच तक्रारी होत्या. त्यातून २०२३ मध्ये मतपत्रिकेच्या गुप्ततेचा स्वतंत्र कायदा आला. दुसऱ्याच्या मतावर प्रभाव टाकायला त्याच्या आडोशात शिरणं आता गुन्हा. माझ्या ओळखीच्या एका आजींनी मात्र केंद्रप्रमुखाला विचारलं, 'मला वाचता येत नाही, मुलगी येऊ दे का?' अपंग किंवा न वाचता येणाऱ्यांना सोबती नेण्याची रीतसर सोय आहे, अर्ज भरावा लागतो. आजींनी भरला.

मेयरच्या निवडीत दुसरी पसंती द्यायची पद्धतही २०२२ नंतर गेली. आता एकच फुली, ज्याला जास्त तो मेयर.

---

अर्धविराम

हे सगळं आता कुठल्या इमारतीतून चालतं? पॉप्लरचं जुनं टाउन हॉल आहे का अजून?

---

डॉकलँडकर

जुनी टाउन हॉलं एकेक करून दुसऱ्या कामाला गेली. बेथनल ग्रीनच्या टाउन हॉलचं तर महागडं हॉटेल झालंय. तिथे एक रात्र काढायची तर १९२० च्या पॉप्लरच्या कामगाराचा कित्येक महिन्यांचा पगार जाईल. कौन्सिल २०२३ पासून व्हाइटचॅपलला, रॉयल लंडन हॉस्पिटलच्या जुन्या इमारतीत. स्टेशनच्या समोरच, सभा बघायला आत जाता येतं. पॉप्लरला हेल स्ट्रीटवर १९२१ च्या बंडाचं भित्तिचित्र आहे, कोणी आलं तर दाखवतो.

---

शिवडीकर

शेवटची शंका. मिलवॉलला सात मतांचा फरक होता. समजा सारखीच मतं पडली असती तर?

---

डॉकलँडकर

आधी फेरमोजणी. तरी सारखीच राहिली तर चिठ्ठी. निवडणूक अधिकाऱ्याने काढायची, त्यावर पोटनिवडणूक वगैरे नाही.

---

शिवडीकर

मग आपल्यासारखंच. २०१७ ला मुंबईत प्रभाग २२० मध्ये शिवसेना आणि भाजप समान मतांवर अडकले होते, तिथेही चिठ्ठीच काढली. भाजपची निघाली.